पाचवा फर्मा

७ जानेवारी

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

सोबत एक पुस्तक पाठवतो आहे. पार्सल सांभाळून सोड, दोरा तुटलाय आणि पानांचे गठ्ठे सुटे झालेत. फोनवर बोलायला गेलो की दुसऱ्या वाक्याला आपलं वाजतं आणि तू फोन आपटतेस, म्हणून लिहून कळवतोय. पत्र आपटलंस तरी उचलून परत वाचता येतं.

तर मी शेअर बाजारात उतरतोय. हसून घे आणि मग पुढे वाच.

इथे एका हॉटेलच्या हॉलमध्ये दर रविवारी व्याख्यान असतं. व्याख्याता टाय लावून येतो आणि एकदाही पाणी न पिता बोलतो. त्याचं म्हणणं असं की वाचल्याशिवाय बाजारात पाऊल टाकणारा माणूस मूर्ख असतो, आणि मला ते शंभर टक्के पटलं. त्याने दहा पुस्तकांची यादी दिली. हॉलबाहेरच टेबलावर ती मिळतात. बाकीच्यांनी एक-एक, दोन-दोन घेतली, कवडीचुंबक लेकाचे. मी दहाही घेतली. एक आलेख कसे वाचावेत यावर, एक मन कसं घट्ट ठेवावं यावर, एक कंपन्यांचे ताळेबंद कसे उलगडावेत यावर, एक तर नुसतं कधी विकावं यावर आहे. त्या सगळ्यांचा मुकुटमणी तुला पाठवलाय.

आता मुख्य बातमी. दुकान विकतोय. आयुष्यभर लोकांच्या शिलाई मशिनी उघडून बसलो. आप्पांनी तेच केलं, मीही तेच केलं. बॉबिन, शटल, पट्टा आणि तेल. नखांतलं काळं काही जात नाही. शेजारच्या प्लायवूडवाल्याला गोदामासाठी जागा हवी आहे, आणि भाव चांगला देतोय. ते सगळे पैसे बाजारात घालणार. आप्पांच्या माघारी तू आपला हक्क सोडलास, तेव्हा तुला विचारायचं कारण नाही, नुसतं कळवतोय.

चिमीला दुकान स्वतः चालवायचंय. एवढी शिकवली, आणि बाईसाहेबांना स्क्रू पिळायचे आहेत! तिच्या आईने माझ्याशी बोलणं टाकलंय, त्यामुळे घरात बरीच शांतता आहे. दोघींनाही पुस्तक दिसलं की जांभया येतात. माझ्या घरात वाचणारा मी एकटा.

पुस्तकाला चांगली जुजबंदी शिलाई घाल, गठ्ठान्‌गठ्ठा दोऱ्याने ओवलेला, कापडी पुठ्ठा लाव आणि पाठीवर सोनेरी अक्षरांत माझं नाव टाक. ते जन्मभर जवळ राहणार आहे. लोभ असलाच तर या खेपेला तो बांधणीत दिसू दे.

तुझा,
धाकटा

१९ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पार्सल मिळालं. मी हसले नाही. हसायला काहीतरी गमतीचं लागतं.

तुझा मुकुटमणी टेबलावर सोडला. मी पुस्तकं बांधते, वाचत नाही, आणि हे तर एक ओळही वाचणार नाही असं ठरवूनच हातात घेतलंय. पण न वाचताही बरंच कळतं. कागद असा, की जोरात शिंकलं तर फाटेल. ओळींमध्ये एवढी जागा सोडलीय की मधून बैलगाडी जावी. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला शिंगं उगारलेला बैल आणि शेवटी दात दाखवणारा माणूस. अर्ध्या पुस्तकात चित्रं आणि उरलेल्या अर्ध्यात हवा. आणि याला तू दुकानाच्या वजनाला तोलतोयस.

आणखी एक. मोठा वाचणारा म्हणून टेंभा मिरवतोस, पण तुझी पेन्सिल चौथ्या फर्म्यातच दमलीय. पुढच्या पानांवर बोटाचा डागसुद्धा नाही. काही पानं तर छापखान्यातून आली तशी वरून जोडलेलीच होती, ती मी सुरीने सोडवली. वाचनालयाची फाटकी पुस्तकं माझ्याकडे येतात, त्यात तुझ्या यादीतली निम्मीअधिक येऊन गेलीत. सगळ्यांचा रोग हाच. पुढची पानं हाताळून चिंध्या झालेली आणि मागची करकरीत. एवढे सगळे जण अर्ध्यातच कुठे जातात, ते तुझ्या टायवाल्याला एकदा विचार. आणि त्याचं पोट बाजारावर चालतं की हॉलबाहेरच्या टेबलावर, तेही विचार.

दुकान तुझं आहे, वीक. मी हक्क सोडला तो तुझं घर चालावं म्हणून सोडला, प्लायवूड रचायला नाही. चिमी सुट्टीत इथे आली होती तेव्हा माझं जुनं शिवणयंत्र तिने उघडलं आणि जोडलं. एकही स्क्रू उरला नाही. तू दुरुस्त केलंस की दोन उरायचे आणि ते जास्तीचेच होते असं तू मला सांगायचास. त्या पोरीच्या हाताखालचं बाक काढून घेऊन तू आलेख वाचणार. शाबास.

काम लवकर होईलसं वाटत नाही. मधमाश्या पाळणाऱ्यांच्या संस्थेचं माहितीपुस्तक बांधायला आलंय, गठ्ठेच्या गठ्ठे. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी, हे तरी तुझ्या लक्षात असेल; लहानपणी माझ्या शेजारी बसून अशा घड्या घातल्या आहेस. तर टेबलभर मधमाश्यांचे फर्मे पसरलेत, त्यातच एका कोपऱ्यात तुझं रत्न उरकून टाकते. आकारही तोच आणि कागदही तसलाच भिकार.

सोनेरी अक्षरं घालीन. नाव तुझं आहे, लाज तुझी. लोभ आहे तेवढा पुरे, वाढवण्यासारखं तू काही केलेलं नाहीस.

ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पुस्तक पोचलं. बांधणी मात्र फर्मास. हॉलमध्ये नेलं तेव्हा टायवाल्यानेसुद्धा हातात घेऊन पाहिलं. तुझ्या जिभेत नाही ते तुझ्या हातात आहे, हे कबूल.

तू माझ्या पेन्सिलीवरून टोमणा मारलास तो फार लागला, म्हणून हट्टाने पुढे वाचायला बसलो. आणि ताई, बरं झालं बसलो! या माणसाची खरी अक्कल पुस्तकाच्या मध्यात दडलेली आहे. पान चौसष्टपर्यंत नुसती पोपटपंची, तक्ते आणि बैल. चौसष्टाव्या पानाच्या तळाशी तो लिहितो, ‘म्हणून शहाणा गुंतवणूकदार सर्वांत आधी’, आणि पान उलटलं की, ‘पेटीचं झाकण हळूच सरकवून आत डोकावतो, हात घालत नाही.’ काय वाक्य आहे! मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

तिथून पुढे त्याने सगळा बाजार मधमाश्यांच्या रूपकात सांगितलाय. एकदाही खुलासा करत नाही, की बाबांनो हे रूपक आहे. वाचकावर सोडतो. पेटी म्हणजे आपली गुंतवणूक, राणी म्हणजे मूळ भांडवल, धूर म्हणजे बातम्या. धूर थोडाच द्यावा, जास्त झाला तर माश्या बिथरतात, असं म्हणतो. आभाळ भरून आलं असताना पेटी उघडू नये, म्हणतो. नवख्याने एकच पेटी घ्यावी आणि पहिल्या वर्षी मधाला हात लावू नये, म्हणतो. हॉलमधल्या एकालाही हे समजलेलं नाही. मी त्यांना पेटीबद्दल विचारलं तर माझ्या तोंडाकडे बघत बसले. अर्धवट वाचणारी माणसं.

एक वाक्य मात्र डोक्यातून जात नाही. ‘चालती पेटी जागेवरून हलवू नये, हलवली तर माश्या जुन्याच जागी परत येतात आणि तिथेच घिरट्या घालून मरतात.’ हे वाचल्यावर मी प्लायवूडवाल्याला थांबायला सांगितलं. विकणार नाही असं नव्हे. पण एवढा मोठा माणूस एवढं स्पष्ट लिहितो तेव्हा विचार करावा लागतो. तूर्त घरखर्चातून शिल्लक टाकलेली थोडी रक्कम एकाच कंपनीत घातली आहे. एकच पेटी.

तू म्हणालीस, पुस्तकात हवा आहे. न वाचता बोलायची तुझी सवय जुनीच आहे. लोभ ठेव, आणि जमलं तर थोडं वाचतही जा.

धाकटा

२० फेब्रुवारी

चि. चिमीस,
आत्याचे आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या बाबांच्या हाती पडू देऊ नकोस. दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय, कारण तो हल्ली तिकडे फिरकत नाही असं तूच सांगितलंस.

कपाळ माझं! तुझ्या बाबांच्या त्या दळभद्री पुस्तकात मधमाश्या शिरल्यात. त्याच्या पाचव्या फर्म्याच्या जागी मी मधमाश्यांच्या माहितीपुस्तकाचा पाचवा फर्मा शिवला. त्याचं पत्र वाचलं आणि मी मटकन खाली बसले. मग हसू आलं, मग परत मटकन बसले. दोन्ही पुस्तकं एकाच मापाची, कागद सारखा, अक्षर सारखं. घडीच्या कण्यावर फर्म्याचा आकडा छापलेला असतो, तो बघून आम्ही क्रम लावतो. मी तो बघितला. चारनंतर पाच, पाचनंतर सहा. पानांचे आकडेसुद्धा बरोबर पुढे चालू. नुसती एक ओळ वाचली असती तरी कळलं असतं, पण मला त्या पुस्तकाची एवढी घाण वाटत होती, की मी आकड्यांच्या पलीकडे नजर नेली नाही. इतकी वर्षं हे काम करतेय, माझ्या दुकानातून चुकलेलं पुस्तक बाहेर गेलं नव्हतं. गेलं ते माझ्या सख्ख्या भावाकडे!

आणि त्याचा खरा फर्मा कुठे गेला, ते तुला कळलंच असेल. कुठल्यातरी मधमाश्या पाळणाऱ्या गरिबाच्या पुस्तकात तो बैल जाऊन बसलाय. त्याने काय पाळलं असेल देव जाणे.

मी धाकट्याला खरं सांगणार आहे. चुकीचं काम परत घ्यायचं आणि फुकट नीट करून द्यायचं, हा आमच्या धंद्यातला रिवाज आहे. पण त्याआधी घरात काय चाललंय ते मला कळव. खरं कळव, तुझ्या बाबांसारखं फुगवून नको. आईला आशीर्वाद सांग आणि माझ्यावरची माया या प्रकारानंतरही टिकव.

आत्या

२ मार्च

ती. आत्यास,
चिमीचा सा. न.

आत्या, तुझ्या पाया पडते, सांगू नकोस!

तुझं पत्र मी मशिनीच्या खोक्यात लपवून वाचलं आणि इतकी हसले, की गिऱ्हाईक घाबरलं. मग हसू थांबलं. इथलं खरं खरं सांगते. बाजार पडलाय. बाबांच्या हॉलमधल्या मंडळींनी घरदार, दागदागिने, असेल नसेल ते सगळं घातलं होतं. एक निवृत्त हेडमास्तर रविवारी हॉलच्या पायरीवर बसून राहिले होते, उठायलाच तयार नव्हते. टायवाला दोन रविवार आला नाही, आणि आता त्याचा फोन लागत नाही. पुस्तकांचं टेबलही गेलं. बाबांचं मात्र एका पेटीपुरतंच गेलं, आणि ते ऐटीत सांगतात, की आभाळ भरून आलं होतं, म्हणून मी झाकण उघडलं नाही.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. बाबा परत दुकानात यायला लागलेत. पुस्तकात म्हणे लिहिलंय, की पाळणाऱ्याने पेटीजवळ रोज थोडा वेळ नुसतं बसावं, माश्यांची ये-जा बघावी. म्हणून ते येतात, खुर्ची टाकून बसतात आणि माझी ये-जा बघतात. पहिले काही दिवस मला फार वैताग आला. मग एकदा मी एका कारखान्याच्या मशिनीत अडकले होते, तेव्हा ते उठले, शटलवर बोट ठेवलं आणि परत जाऊन बसले. तिथेच बिघाड होता. घरी गेल्यावर आईला ते म्हणाले, की पोरीचा हात हलका आहे. आई त्यांच्याशी बोलत नाही, त्यामुळे तिने ते मला येऊन सांगितलं.

प्लायवूडवाला अजून दर शनिवारी येतो. स्टुलावर बसतो, छताकडे बघत माप घेतो. बाबा त्याला नाही म्हणत नाहीत, हो म्हणत नाहीत, पेटीचं वाक्य ऐकवतात. त्याला वाटतं बाबांना भाव वाढवून हवाय. आता तू सांग, ते वाक्य मधमाश्यांचंच आहे असं कळलं तर काय होईल? बाबांना फसणं चालतं. हसं झालेलं अजिबात चालत नाही. आपल्या बहिणीच्या चुकीवर आपण इतके दिवस मान डोलावली हे कळलं, तर त्याच दिवशी रागाने सही करतील. हे बाक माझ्या हातून जाईल, आत्या. मला दुसरं काही येतही नाही आणि दुसरं काही करायचंही नाही.

तू तुझ्या कामाची पक्की आहेस हे मला माहीत आहे. तरी एवढ्या एका पुस्तकापुरता रिवाज सोड. प्रेम आहेच, ते असंच राहू दे.

तुझी,
चिमी

५ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

एक भयंकर प्रकार उघडकीला आलाय.

त्या हेडमास्तरांना धीर द्यावा म्हणून मी त्यांची त्या पुस्तकाची प्रत मागून घेतली. म्हटलं, यांना मधमाश्यांचं प्रकरण वाचून दाखवावं, माणूस जरा सावरेल. तर त्यात ते प्रकरणच नाही! तिथे भलतंच काहीतरी आहे. दुसऱ्याची प्रत पाहिली, तिसऱ्याची पाहिली. कुणाच्याच पुस्तकात नाही. मी ओळखलं. प्रकाशकाने मागाहून काढून टाकलेलं दिसतंय. लोक शहाणे झाले तर याची पुढची पुस्तकं कोण घेणार? मी त्याला खरमरीत पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलंय, की असं प्रकरण आमच्या पुस्तकात कधीच नव्हतं, आपल्या बाइंडरकडे चौकशी करावी.

ते वाचून माझं डोकंच फिरलं. मी त्याला लिहिलं, की गाढवा, माझी बाइंडर माझी सख्खी बहीण आहे. ती शिव्या देईल, फोन आपटेल, माणसाला उभं सोलेल, पण तिच्या हातून एक पान इकडचं तिकडे होणार नाही. जगात मी एवढ्या एकाच गोष्टीची खात्री देऊ शकतो. तुझा छापखाना खोटा, तुझा लेखक खोटा, माझ्या ताईची शिलाई खरी. असं लिहिलं, आणि रजिस्टर्डने पाठवलं.

आता तू एक कर. पुस्तक उसवलंस तेव्हा त्यात काय होतं, ते दोन ओळींत लिहून, सही करून पाठव. ते त्या भामट्याच्या तोंडावर फेकतो. मे महिन्यापर्यंत दुकानाचाही निर्णय घ्यायचा आहे, प्लायवूडवाला आता निकराला आलाय. त्याआधी हे एकदा निकालात काढू.

या कामी तरी लोभ दाखव.

धाकटा

१४ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

दोन ओळी मागितल्यास, त्या आधी देते. प्रकाशक खरं बोलतोय. चूक माझी आहे.

मधमाश्यांचं प्रकरण मधमाश्यांचंच आहे. त्यात बाजार नाही, रूपक नाही, काही नाही. संस्थेच्या माहितीपुस्तकाचा पाचवा फर्मा मी तुझ्या पुस्तकात शिवला. आकडा जुळला आणि मी पुढे गेले. तुझं पुस्तक एवढं टाकाऊ वाटलं, की त्यातली एक ओळ वाचणं मला कमीपणाचं वाटलं. हे मला फेब्रुवारीतच कळलं होतं. तुला सांगायचं नाही असं ठरवून गप्प बसले होते. का, ते विचारू नकोस. पण तू त्या माणसाला माझ्याबद्दल जे लिहिलंस ते वाचल्यावर मला गप्प बसवेना. दोन दिवस हातात सुई धरवली नाही.

तुझा खरा फर्मा सोबत पाठवतेय. तो एका मधमाश्या पाळणाऱ्याच्या प्रतीत गेला होता. त्याने पुस्तक संस्थेकडे परत पाठवलं आणि बरोबर चिठ्ठी जोडली. म्हणतो, ‘तोटा दिसताच सगळं काढून मोकळं व्हावं आणि संध्याकाळी हातात काही शिल्लक ठेवू नये,’ असं लिहिणाऱ्या माणसाने आयुष्यात माशी पाहिलेली नाही, त्याला पेट्यांपासून दहा गावं लांब ठेवा. संस्थेने ते सगळं माझ्या टेबलावर आणून आदळलं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

आता तू काय ते ठरव. पुस्तक पाठवलंस तर फर्मा बदलून देईन, पैसे घेणार नाही. तुझं हसं झालं असं तुला वाटेल. वाटू दे, पण हसं माझं झालंय. तुझ्या पेन्सिलीवरून मी तुला बोलले, आणि मी स्वतः काय केलं? रागावायचं तर माझ्यावर रागाव. तो राग चिमीच्या बाकावर काढू नकोस, एवढं मोठ्या बहिणीने मागितलं असं समज.

लोभ कमी झाला असेल तर माझी तक्रार नाही.

ताई

२६ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्याशी जन्मात बोलायचं नाही असं ठरवलं होतं आणि बरेच दिवस पाळलंही. त्या दिवसांत मी काय काय म्हणालो ते चिमीच्या आईला विचार. ती आता माझ्याशी बोलते, कारण तुला नावं ठेवायला मला कुणीतरी लागत होतं आणि तुझी बाजू घ्यायला तिला तोंड उघडावंच लागलं.

मी हॉलमध्ये उभा राहून पेटीवर भाषण केलं होतं, ताई. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. हे लिहितानासुद्धा माझे कान तापलेत.

तर रागाच्या भरात मी प्लायवूडवाल्याला सांगितलं, कागद घेऊन ये. तो शनिवारी आला, स्टुलावर बसला, कागद पसरले. सही कुठे करायची ते बोटाने दाखवायला लागला. चिमीला सगळं कळत होतं. ती एका मशिनीत डोकं घालून बसली होती, तिने मान वर केली नाही. मला वाटलं होतं रडेल, भांडेल. पोरगी तुझ्यावर गेलीय. मी म्हटलं, सही करण्याआधी निदान माझा खरा फर्मा तरी वाचावा, कारण पुस्तक अर्धवट वाचल्याचा ठपका तू ठेवला होतास. तिथेच खुर्चीत बसून वाचला. अगदी शेवटच्या दात काढणाऱ्या माणसापर्यंत. त्यात लिहिलंय, की आपल्याकडे जे जे जागेवर पडून आहे ते शोधा, मोडा आणि बाजारात लावा.

मी पेन हातात धरून दुकानात काय पडून आहे ते बघायला लागलो. चिमीने मशीन जोडून पायाखाली घेतली होती. पट्टा फिरत होता, ज्या बाईंची मशीन होती त्या वाकून टाका बघत होत्या, दारात आणखी एक जण मशीन घेऊन उभा होता. आप्पांच्या डब्यातलं तेलसुद्धा अर्ध्यावर आलं होतं. सगळं चालू होतं. पडून असलेला एकच होता, आणि तो खुर्चीत बसून पुस्तक वाचत होता.

प्लायवूडवाल्याला मी सांगितलं, की प्लायवूड रस्त्यावर रच, नाहीतर डोक्यावर रच, इथे येऊ नकोस. जाताना तो म्हणाला, की तुम्ही पुस्तकं वाचून कामातून गेलात. त्या माणसाच्या तोंडून निघालेलं तेवढं एकच वाक्य मला पटलं.

आता कामाचं. पुस्तक सोबत पाठवलंय. फर्मा बदलू नकोस. बाकीचं सगळं उसवून काढ आणि रद्दीत घाल, बैलांसकट. उरलेली नऊ पुस्तकंही पाठवतोय, ती पण त्यातच घाल. मधमाश्यांचा एक फर्मा तेवढा नीट बांध, त्याच कापडी पुठ्ठ्यात. पैसे देणार नाही, चूक तुझी होती. पाठीवरचं माझं नाव खरवडून काढ आणि तिथे चिमीचं घाल. दुकानाच्या पाटीवर परवा घातलंय, तसंच.

आणि यापुढे नुसते आकडे जुळवून पुस्तक बांधू नकोस. मधली एखादी ओळ वाचत जा. मीही जातो.

लोभ होता तेवढाच आहे, पण फोन करू नकोस. भांडण होईल.

तुझा,
धाकटा